खिळ्याविना ठेवलेली फळी

आमच्या तीर्थपुरीच्या घराला चहाचा वास यायचा. चहा आम्ही प्यायचो तो दिवसातून एकदा, गुळाचा, आणि तोही घोटभर. वास यायचा तो पायाखालून. दुपारी पत्रे तापले की जमीन तापायची आणि मग सगळ्या खोलीत कोरड्या चहाच्या भुकटीचा, जरा तुरट, जरा लाकडी वास पसरायचा. लग्न होऊन मी जालन्याला आले, दुसऱ्यांच्या चुलीवरचा चहा कितीतरी वर्षं प्याले, पण पातेल्यात पत्ती टाकली की मला अजून तहान लागत नाही. कुणीतरी शेजारच्या खोलीत कूस बदलतंय, असं वाटतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एका मारवाडी शेठच्या किराणा दुकानात मुनीम होते. शेठचं घराणं राजस्थानातलं म्हणायचं एवढंच, गावात ते आमच्याही आधीपासूनचे. आमचं घर म्हणजे एक मोठी खोली, तिच्या मागं चुलीची अंधारी जागा आणि पुढं ओटा. घर सखल जागी होतं. बाजारतळावरचं सगळं पाणी आमच्या मागच्या भिंतीशी येऊन थांबायचं, आणि खाली काळी माती. ती पाणी पिऊन बसायची आणि दिवाळीपर्यंत हळूहळू वर सोडायची. सकाळी गोधडी उचलली की खालची बाजू ओली. ज्वारीचं पोतं विटांवर ठेवलं तरी बुडाला बुरशी धरायची. माय आठवड्याला सारवायची, पण ते सारवण वाळायचंच नाही. ओलं सारवण आणि ओला गोवऱ्यांचा धूर, हा माझ्या लहानपणीचा खरा वास. चहाचा नंतरचा.

या ओलीनं आत्याला धरलं. आत्या अण्णांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन परत आलेली, आणि आईबाप गेल्यावर अण्णांना तिनंच वाढवलेलं. अण्णा तिला अक्का म्हणत आणि तिच्यापुढं आवाज चढवत नसत. माय तिला वन्सं म्हणायची, ती मायला नावानं, सरू. दोघींचं भांडण मी कधी ऐकलं नाही. त्या एकमेकींशी कामापुरतं बोलत, आणि काम पुष्कळ होतं. आत्या येसराचा मसाला भाजायला बसली की माय उठून ज्वारी पाखडायला जायची. आत्यानं भाजीत मीठ घातलं तर माय चव घेऊन बघायची नाही, तशीच वाढायची. घर चालायचं बराबर. फक्त त्यात हसणं कमी होतं.

आत्याच्या छातीत घरघर सुरू झाली तेव्हा वैद्यांनी नाडी बघून एवढंच सांगितलं, की बाईला ओलीवरून उठवा. अण्णा त्याच दिवशी बाज विणायला टाकून आले. आत्यानं बाजेकडं बघितलंसुद्धा नाही. नवरा गेल्यापासून ती भुईवर निजत होती, त्या काळी विधवांनी तसंच निजायचं असे. "आता म्हातारपणी बाजेवर चढू व्हय? वर जाऊन त्याला काय तोंड दाखवू?" ती म्हणाली. शहाबादी फरशी आमच्या आवाक्यातली नव्हती. आत्या वर येईना, म्हणून अण्णांनी भुईच वर आणायची ठरवली.

शेठच्या दुकानात चहा मोठ्या पेट्यांतून यायचा. पातळ थरांच्या लाकडाच्या, कडांना पत्र्याच्या पट्ट्या मारलेल्या, आत चांदीसारखा कागद. प्लायवूड हा शब्द तेव्हा आम्हाला माहीत नव्हता, आम्ही म्हणायचो खोक्याची फळी. रिकाम्या पेट्या दुकानामागं पडून असत. अण्णांनी मागितल्या आणि शेठनं दिल्या. देताना म्हणाला, "मुनीमजी, पेटीत माल भरतात. माणसं न्हाई." अण्णा हसले. हे वाक्य अण्णांनी घरी येऊन गंमत म्हणून सांगितलं, पण आत्या हसली नाही.

काम आम्ही घरच्या घरीच केलं. सुतार बोलवायचा प्रश्न नव्हता, त्याची हत्यारं तेवढी मागून आणली. पेट्या फोडायच्या, पत्र्याच्या पट्ट्या वाकू न देता काढायच्या, खिळे जंबुरानं उपसायचे आणि दगडावर ठोकून सरळ करायचे, हे माझ्याकडं. अण्णांनी खोलीत मुरूम टाकून चोपला, त्यावर बाभळीच्या लाकडाच्या लांब रिपा सारख्या अंतरावर मांडल्या, एकेक दोरीनं बघून. फळ्यांच्या पाठीला वाळवी लागू नये म्हणून डांबर फासलं आणि मग त्या रिपांवर ठोकल्या. दोन फळ्यांच्या सांध्यावर पेटीचीच पत्र्याची पट्टी मारली, म्हणजे केर आत जायला नको. वरून जवसाचं तेल चोळलं. फळ्यांवर काळ्या शाईत इंग्रजी अक्षरं होती, काही सुलटी, काही उलटी. मी ती घासून काढायचा खूप प्रयत्न केला, निघाली नाहीत. शेजारची तेलीण कासाबाई बघायला आली, कडेला उभी राहून एक पाय फळीवर टाकून बघितला आणि म्हणाली, "अगं बया! लोक चहा पितात, तुम्ही तर चहावर निजून राह्यले!"

आत्या हे सगळं ओट्यावर बसून बघत होती. तिच्या अंथरुणाच्या जागेपर्यंत, म्हणजे देवाच्या कोनाड्याखाली, फळ्या आल्या तेव्हा ती उठून आत आली. "बापू," ती अण्णांना म्हणाली, "लाकडावर निजणं म्हणजे सरणावर निजणं. निजंन मी, तू म्हणतो म्हणून. पण मरताना मला भुईवर घ्यायचं. सारवलेल्या भुईवर. लाकडावर मला मरू देऊ नको."

मरणाऱ्या माणसाला सारवलेल्या जमिनीवर घेतात, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. जो अधांतरी मरतो तो अधांतरी राहतो, असं म्हणतात. अण्णांनी तिथंच तिला शब्द दिला. मग त्यांनी तेवढ्या जागेपुरते तुकडे पाठीला रिपा मारून एकत्र जोडले, माणूस निजेल एवढी एक लांब फळी केली आणि ती नुसती बसवली. खिळा नाही, सांध्यावर पट्टी नाही. एका कडेला बोटं घालायला खाच ठेवली. "हे तुझं दार," ते म्हणाले. "कव्हाबी उघडतंय बघ." आत्यानं स्वतः उघडून बघितलं, दोनदा.

ओल गेली. आत्याची छाती मोकळी झाली, गोधड्या कोरड्या राहू लागल्या, मायचे सारवणाचे कष्ट वाचले. वाचले नाहीत ते कान. त्या जमिनीवर कुणालाही चोरपावलानं चालता येत नसे. मांजर गेलं तरी कळायचं. आणि आत्याची ती सुटी फळी, तिला तर प्रत्येक हालचालीला तोंड होतं. आत्या कुशीवर वळली की खट्ट. उठून बसली की खट्ट, आणि पुन्हा निजली की बारीक खट् खट्. म्हातारं माणूस, झोप तुटक. अण्णा आणि मी घोरत पडायचो. माय जागी असायची. पहाटे दळायला उठायची तेव्हा तिचे डोळे लाल असत. एकदा भाकरी थापताना ती चुलीकडंच बघून म्हणाली, "माझ्या डोक्यात ठोकून राह्यल्या त्या. वळतात तिकडं, अन् ठोकतात हितं."

दर सोमवारी आत्या ती फळी उचलून भिंतीला टेकवायची. मी एक बाजू धरायचे. खाली रिपांच्या मधली मुरमाची जागा ती शेणानं सारवायची, हात फिरवून, अर्धगोल बोटं उठवत, जशी बाहेरची जागा सारवतात अगदी तशी. कुणाला दिसणार नाही अशा जागी एवढं देखणं सारवण कशाला, असं मी विचारलं तर म्हणाली, "दिसायला न्हाई गं. निजायला."

मग एका एकादशीला आत्या गावातल्या बायांबरोबर गाडीनं शहागडला गेली, गोदावरीच्या अंघोळीला. मुक्कामाला. तिच्या माघारी दुपारी मायनं माझ्या डब्यातले सरळ केलेले खिळे घेतले, कोनाड्याखाली बसली, आणि त्या फळीला चारी बाजूंनी ठोकले. मी ओट्यावर पाढे लिहीत होते. ठोकणं संपल्यावर तिनं फळीवर उभं राहून बघितलं. आवाज आला नाही. "दोन-चार दिस नीट झोपू दे मला," ती म्हणाली, "मंग काढते." मला म्हणाली का स्वतःला, कुणास ठाऊक.

आत्या परत आली, गोदेचं पाणी देवापुढं ठेवलं, आणि निजली. खट्ट झालं नाही. अण्णांच्या लक्षातही आलं नाही. सोमवारी आत्यानं खाचेत बोटं घातली आणि ओढलं. फळी हलली नाही. तिनं खिळ्यांच्या माथ्यांवरून एकदा तळहात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चुलीपाशी मायचा पळीचा आवाज थांबला होता. मी दोघींच्या मध्ये शेणाची पाटी घेऊन उभी.  आत्यानं माझ्या हातातली पाटी घेतली आणि फळीच्या वरच सारवलं, इंग्रजी अक्षरांवरून, तशीच अर्धगोल बोटं उठवत. तेलावर शेण धरत नाही. दुसऱ्या दिवशी त्याचे पोपडे निघाले आणि मायनं ते मुकाट्यानं झाडून घेतले. मग दर सोमवारी हेच. एकीनं सारवायचं, दुसरीनं झाडायचं. खिळे कुणी काढायला सांगितले नाहीत, म्हणून ते कुणी काढले नाहीत. मी आज दोन सुनांची सासू आहे. घरं मोडतात ती भांडणांनी, असं लोक म्हणतात तेव्हा मी ऐकून घेते.

आत्या गेली ती बाजाराच्या दिवशी, भर दुपारी. अण्णा दुकानात, अर्धं गाव बाजारात. ती देवापुढची वात सारखी करायला उठली आणि भिंतीला धरून खाली बसली. ओठ निळे पडलेले. मायनं एकदाच तिच्या तोंडाकडं बघितलं आणि काय झालंय ते ओळखलं. चुलीपुढं तिला घेता येत नव्हतं, तिथं मरण नको असतं. ओट्याकडं ओढायला लागलो तर आत्यानं उंबरा हातानं घट्ट धरला. "भाईर नगं. मी काय भिकारीण हाय?" मग मायनं तिला फळीच्या बाजूला सरकवलं आणि खिळे काढायला बसली. जंबूर केव्हाच सुताराला परत गेलेला. तिनं उलथणं घेतलं, ते वाकलं. मग विळी घेऊन पात्याच्या टोकानं उचकटायला लागली. खिळा लाकडातून निघताना ओरडतो, तसा एक खिळा ओरडला, अर्धा वर आला आणि अडकला. मायच्या बोटांतून रक्त यायला लागलं.

मला काहीतरी केलं पाहिजे एवढं कळलं. मी पाटी घेऊन मागं धावले, परसातली माती खरवडली. फळीवर माती पसरू, वर पाणी शिंपडू, भुई ती भुईच, असा माझा हिशोब. परत आले तेव्हा आत्याची मान मायकडं वळलेली होती. तिचा हात मायच्या मनगटावर होता, त्या रक्तावर.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे गं सरू. हात दुखतील."

एवढंच. पाटी माझ्या हातातच राहिली.

जीव गेल्यावर मायनं तो अर्धा वर आलेला खिळा पुन्हा ठोकून बसवला, वरवंट्यानं. मग आम्ही आत्याला फळीवर घेतलं, आणि माय ओट्यावर जाऊन कासाबाईला हाक मारायला लागली. अण्णा दुकानातून धावत आले, उंबऱ्यातच थांबले. पहिला प्रश्न तोच. "अक्काला भुईवर घेतलं न?"

"घेतलं," माय म्हणाली. "खाली मुंग्या निघाल्या. जीव गेल्यावर परत फळी टाकली."

अण्णांनी मान हलवली आणि मग रडले.

त्या संध्याकाळी आमच्या रिवाजाप्रमाणं आत्याच्या जागी ज्वारीचं पीठ चाळून पसरलं. कोनाड्याखाली, त्या फळीवर आणि भोवती. मध्ये दिवा, दिव्यावर दुरडी पालथी. गेलेलं माणूस रात्रीतून येऊन जातं आणि पिठात खूण ठेवतं, पुढचा जन्म कशाचा ते त्यावरून कळतं, अशी समजूत. रात्रभर माणसं येत-जात होती. सकाळी कासाबाईनं दुरडी उचलली, आणि मागं सरली.

पिठात पाऊल नव्हतं. पक्ष्याचा पंजा नव्हता, सापाची नागमोड नव्हती. पिठात सरळ रेघा होत्या, काळ्या, बारीक. एक लांब, तिला काटकोनात आखूड, पुन्हा लांब. दुरडीबाहेरही तशाच गेलेल्या. माणूस निजेल एवढा चौकोन.

"दार हाय," कासाबाई म्हणाली. "बाई बाई, दारच काढलं म्हातारीनं!"

ते कसं झालं हे मला तेव्हाही कळलं होतं. बाकी सगळ्या सांध्यांवर पत्र्याच्या पट्ट्या होत्या, त्या मी स्वतः सरळ केलेल्या. त्या एका फळीच्या सांध्यांवर नव्हत्या. रात्रभर माणसं चालली, जमीन हादरली, पीठ फटीतून खाली गेलं. यात काहीच नाही. मी मायला हे हळूच सांगितलंसुद्धा. तिनं माझ्याकडं बघितलं, ते मी एखादी परकी भाषा बोलतेय असं. तिचं तोंड पिठासारखं झालं होतं.

अण्णांना मात्र त्या चौकोनानं धीर आला. "तिचं दार तिला उघडं सापडलं," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. "दिलेला शब्द पाळला गेला. म्हणून दाखवून गेली." गावभर झालं. बाया बघायला येत आणि मायच्या पाठीवरून हात फिरवत. नणंदेचं एवढं कोण करतंय, म्हणत. शेजाऱ्यांनी आणलेलं पिठलं-भाकरी मायच्या ताटात तसंच थिजायचं. ती अंथरुणावर बसून राहायची, कोनाड्याकडं तोंड करून. दिवा तिथंच असल्यानं त्या फळीवर कुणी पाय देत नव्हतं. तरी माय म्हणायची, "ऐकलं?" मी म्हणायचे, न्हाई. "वळल्या," माय म्हणायची. "आता दुसऱ्या कुशीवर." एकदा तिनं मला दंडाला धरून विचारलं, "हात दुखतील असं का म्हणल्या त्या? शिव्या का दिल्या न्हाईत?"   मायला वेड लागणार, असं मला त्या दिवसांत रोज वाटायचं, आणि ते सांगायला घरात कुणी नव्हतं.

तेराव्याला सकाळी अण्णांनी दिवा उचलून कोनाड्यात ठेवला. अक्का जिथं गेली ती भुई आज सारवायची, ते म्हणाले, आणि बाया गोडाच्या तयारीत असताना ते खाचेत बोटं घालून बसले. ओढलं. पुन्हा ओढलं. मग पीठ बाजूला सारून वाकून बघितलं. मायच्या हातात पुरणाची परात होती. ती खाली ठेवायचं तिला सुचलं नाही.

अण्णा उठले, सुताराकडं गेले, जंबूर घेऊन आले. त्या घरात मी ऐकलेला सगळ्यात लांबलचक आवाज तो. एकेक खिळा ओरडत वर येत होता आणि अण्णा तो बाजूला ठेवत होते.  फळी उचलून भिंतीला टेकवली, आणि खाली आत्याचं सारवण होतं. खिळे मारण्याआधीच्या सोमवारचं. कडेनं गळलेलं पीठ सोडलं तर वर काही पडलं नाही, पाय पडला नाही, ते जसंच्या तसं राहिलं होतं. अर्धगोलांमागून अर्धगोल, प्रत्येक बोटाची रेघ वेगळी. आत्याची करंगळी वाकडी होती, ती वाकडी रेघही तिथं होती. अण्णांनी तिच्यावर बोट ठेवलं नाही, नुसतं वर धरलं.

मग त्यांनी फळी परत टाकली, नुसती, आणि खिळे गोळा करून मायच्या परातीच्या काठावर ठेवले. "बोलल्या असत्या तर मी काढले असते," माय म्हणाली.  "एकदा जरी म्हणल्या असत्या."

"आता वाजू दे," अण्णा म्हणाले. दुसरं ते त्या विषयावर कधीच बोलले नाहीत.

त्या रात्रीपासून मायनं आपलं अंथरूण कोनाड्याखाली नेलं. कुणी सांगितलं नव्हतं. ती कुशीवर वळली की खट्ट. उठून बसली की खट्ट. हळूहळू ती जेवायला लागली, आणि दर सोमवारी ती फळी उचलायची, मी एक बाजू धरायचे. पण तिनं तिथं सारवलं कधीच नाही. ती नुसती बघायची, आणि फळी परत टाकायची.

पुढं अण्णा गेले, घर विकलं, माय माझ्याकडं जालन्याला आली. आम्ही घर बांधत होतो. गवंडी देवघरापुढं शहाबादी फरशी बसवत होता तेव्हा माय काठी टेकत आली आणि एका रांगेवर काठी ठेवली. "हितं सिमेंट घालू नको." गवंडी म्हणाला, "आजी, हलतील, पाय अडकंल कुणाचातरी." "अडकू दे," माय म्हणाली. मी त्याला खुणेनंच सांगितलं, नुसत्या मुरमावर ठेव. मायची वेळ आली तेव्हा त्या फरश्या मी आणि माझ्या थोरल्यानं उचलल्या. बिलकुल वेळ लागला नाही. खालची जागा मी आधीच सारवून ठेवली होती.

त्या परत जागेवर टाकल्या आहेत. वाजतात. धाकटा मुलगा सुट्टीला आला की दरवेळी म्हणतो, आई, अर्ध्या तासाचं काम आहे, सिमेंट घालून पक्क्या करून देतो, तुला रात्री झोप तरी लागेल.

राहू दे, मी म्हणते.